दस्त्याची मान

आमच्या घरात एकनळी बंदूक आहे. आजोबांच्या वेळची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वडील गेले, परवाना माझ्या नावावर झाला, आणि तपासणीसाठी मी ती चौकीत नेली तेव्हा हवालदार हसला. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, मानेशी मोडलेला आणि तांब्याच्या तारेने आवळलेला होता.

"ही तुम्ही डुकरांना दाखवणार, की डुकरं तुम्हाला?" तो म्हणाला. "नवा दस्ता बसवा, नाहीतर जमा करून टाका."

जमा केली असती तर सुटलो असतो. पण भातात डुकरं होती. शिवाय वडिलांची वस्तू माझ्या हातून मोडली ती मोडली, आता घालवायचीही मीच, हे मनाला पटेना.

कोल्हापुरात बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तयार दस्ते लावून पाहिले. एकही बसेना. बंदूक जुनी, दस्त्यात शिरणारी तिची लोखंडी शेपटी लांब. मग त्याने चष्मा लावून मोडलेला दस्ता उलटसुलट केला.

"कुणी केला हा? काम नंबरी आहे. लाकडाने दगा दिलेला नाही, साहेब. हा कुठेतरी आपटलाय. ज्याने केला त्याच्याकडेच जा."

आपटलाय हे मला सांगायची गरज नव्हती.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात जुना दस्ता भुंग्यांनी पोखरला म्हणून वडिलांनी आमच्या आचरे गावातल्याच सुताराकडून शिसवीचा नवा करून घेतला होता. पावसाळ्यात मी बंदूक घेऊन शेतावर निघालो. वाटेत चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत, त्यावर शेवाळ. बंदूक टेकून गडगा उतरू नये असं आमच्याकडे प्रत्येकाला बजावतात, आणि उतरतात सगळे तसेच. माझा पाय सरकला, सगळा भार दस्त्यावर आला. मानेवर केसाएवढी चीर दिसली. मी मेणबत्तीच्या मेणात काव, म्हणजे तांबडी माती, कालवून ती भरली, खोबरेल चोळलं आणि बंदूक खुंटीला लावली. कुणाला काही बोललो नाही.

आठवड्याने वडिलांनी पहाटे डुकरांवर बार काढला. दस्ता मानेत मोडला आणि त्यांच्या गळ्याजवळचं हाडही मोडलं.

सुतार धावत आला. त्याने तुकडे उचलले, चिरेत नख घातलं, नखावर निघालेलं मेण बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि तुकडे खाली ठेवून गेला.

पुढे चतुर्थी आली. आमच्याकडे गणपतीवरची माटवी, म्हणजे फळं-फुलं टांगायची लाकडी चौकट, बांधायचा मान त्या सुताराच्या घराचा होता. त्या वर्षी वडिलांनी त्याला बोलावलंच नाही. भजनाला खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सगळी वाडी जमली असताना गळ्यात हात अडकवलेले वडील म्हणाले, "ह्या सुताराक ना लाकडाची पारख, ना हाताक जोर. माझो जीव घेतलो असतो. ह्या घरातलो तेचो मान बंद." मी समोर शेंगदाणे वाटत होतो. वाटत राहिलो.

वडिलांच्या शब्दाला वाडीत वजन होतं. सुताराची कामं हळूहळू तुटली. दोन वर्षांत तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी, तोंडवलीला, होड्यांच्या कामावर गेला. गाडीने अर्धा तासही लागत नाही. मी तीस वर्षं तिकडे फिरकलो नाही.

या श्रावणात गेलो. सुताराची बायको, आमची काकी, अंगणात होती. बघताच ओळखलं तिने.

"वाट चुकलंस काय रे?"

"नाय काकी. तुमच्याकडेच इलंय."

सुतारकाका आत करवतीवर कानस घासत होते. हात थोडे कापतात आता. मी बंदूक त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. गडगा, मेण, काव, शेंगदाणे. इतकं सलग मी आयुष्यात बोललेलो नाही.

"ठावक आसा," काका म्हणाले. "पण रंग बरो जुळवलेलंस हां. सुतार झालो असतंस तर नाव काढलं असतंस."

"मग तेव्हाच कित्याक सांगूक नाय, काकानू?"

"तुझ्या बापाशीचा हाड मोडलेला. तेका काय सांगू, तुझ्या झिलान केल्यान म्हणान? माका वाटला, तूच सांगशीत. आज नाय तर उद्या."

दारातून काकी म्हणाली, "हेंचा मोठेपण हेंका लखलाभ. बायका माका पाण्याक गेल्यार इचारीत, तुझ्या घोवाचो हात चलत नाय काय गो? आता हय येवन कानात सांगान काय उपेग? बापाशीन जंय सगळ्यांफुडे सांगल्यान, थंयच सांग."

मी "सांगतंय" म्हणालो. काका उठले आणि त्या कामाच्या खोपीचं दार उघडं राहावं म्हणून लावलेला एक लाकडाचा ओंडा काढला. वाऱ्याने दार धाडकन लागलं.

"तीस वर्सां माझ्या दाराची अडण ती!" काकी ओरडली. "आता दाराक काय, तुमचो पाय लावू?"

तो अर्धवट घडलेला दस्ता होता. त्याच शिसवीच्या फळीतला. वडिलांचं हाड मोडल्यावर काकांनी नवा करून द्यायला घेतला होता. चतुर्थीचे शब्द कानावर आले आणि हत्यार थांबलं.

"खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्सां ऱ्हवला," ते म्हणाले. "आता ह्या वाकाचा नाय."

पंधरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी त्यांनी बंदूक माझ्या खांद्याला लावायला सांगितली. बोटभर लांब होत होती. "बापाशीचा माप," काका म्हणाले आणि करवत घेतली. मी नको म्हणालो. "नको कसा? मारतलंस तू. परत हाड मोडला तर माझ्याच नावार," असं म्हणून त्यांनी बोटभर कापला.

मी बोलावलं, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकांनी आमच्याकडे माटवी बांधली. दुसऱ्या दिवशी आरती झाली, खळ्यात वाडी बसली. मी उभा राहिलो. वडिलांचे शब्द जसेच्या तसे म्हटले आणि सांगितलं, दस्ता मी मोडला होता, काकांच्या कामात खोट नव्हती. मग शेजारचा म्हातारा पुटपुटला, "तीस वर्सां माझी दारां लागनत नाय. उगाच दुसऱ्याकडसून करून घेतलंय." हसू फुटलं. काकाही हसले.

मी मानाचा नारळ काकीच्या हातात दिला. तिने तो कानाशी धरून हलवला, पाणी ऐकलं आणि पिशवीत टाकला. वर माटवीकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "वायच डावीकडे कलली हा. फुडल्या वर्सा नीट बांधा."

"माटवी नाय, तुझी मान कलली हा," काका म्हणाले.

पुढल्या वर्षी, असं म्हणाली ती. मी देवासमोरचे शेंगदाणे उचलले आणि वाटायला सुरुवात केली, पहिली मूठ तिच्या पदरात.