बॅनरचं डावं टोक

"मी दिसून तं नाही राहिलो ना, ताई?" असं विचारत काका बॅनरचं डावं टोक घट्ट धरायचे आणि स्वतः फोटोबाहेर सरकायचे.

मोठ्या सेवाभावी संस्थांचे अहवाल तुम्हीही चाळले असतील. हसऱ्या बाया, मागे संस्थेचं नाव. जरा कडेला पाहत जा. आमच्या अमरावती कार्यालयाच्या प्रत्येक फोटोत डाव्या कडेला चार बोटं आहेत. ती आमच्या जीपचालक काकांची. उजवं टोक खिडकीला बांधलं तरी चालायचं. डावं मात्र त्यांचंच.

फोटो मी काढायची, अहवालही मीच लिहायची. मोझरीच्या पुढच्या एखाद्या गावात, फुटलेल्या कापसावरून दुपारचा वारा यायचा आणि बॅनर फुगायचा. काका डोळे मिटून उभे राहायचे. "सोडला नाही तं मीबी याच्यासंगं उडून जाईन सातपुड्यात," म्हणायचे. मलाही तिथून निघावंसं वाटायचं नाही.

दरवर्षी मुख्य कार्यालयातून कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म यायचा: इथे काम करताना तुम्हाला काय वाटतं? नाव लिहायचं नाही. आम्ही चहाच्या टपरीवर संस्थेचा यथेच्छ उद्धार करायचो आणि फॉर्मवर 'उत्तम'पुढे खूण करून मोकळे व्हायचो. काका आपला फॉर्म माझ्याकडून भरून घ्यायचे. सांगायचे, "लिहा, बरं वाटते."

"आणि सूचना?"

"बॅनरले काठ्या लावा म्हना."

तो बिननावाचा फॉर्म कोणाचा, हे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळायचं.

एकदा परतताना जीपमध्ये ते हळूच म्हणाले, "घरची अहवाल पाहते न् म्हनते, तुमी तिथं खरंच जाता का? एखांद्या फोटोत घ्या ना मले."

"पुढच्या वेळी नक्की," मी म्हटलं. पुढच्या वेळी पाहुण्यांची घाई असायची, आणि काकांइतका ताठ बॅनर दुसऱ्या कोणाला धरता यायचा नाही. खरं सांगायचं तर मी विसरत गेले. त्याची आजही लाज वाटते.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी कॅमेरा दुसऱ्याकडे दिला. डावं टोक स्वतः धरलं आणि काकांना माझ्या शेजारी, बॅनरसमोर उभं केलं. नेमकं फोटो निघताना ते माझ्याकडे वळले, "ताई, ढिलं होऊन राहिलं!" तेवढा एकच फोटो निघाला. लोक जेवायला पांगले होते.

नंतर कार्यालयात स्टँडचा बॅनर आला. तो एकटाच उभा राहतो. काकांची सूचना शेवटी मान्य झाली.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. मी बडनेऱ्याला काकूंना भेटायला गेले, तर भिंतीवर तोच फोटो होता, त्यांच्यापुरता कापून मोठा केलेला. मान वळलेली, तोंड अर्धवट उघडं.

"फोटोत आले तं खरे," काकू म्हणाल्या, "पन पाहून कुठं राहिले कोन जाने." मग त्यांनी हार थोडा बाजूला केला आणि फोटोच्या कडेवर बोट ठेवलं. "अन् हे चार बोटं कोनाचे हायेत?"

"माझी," मी म्हणाले.