टाकी वाजवणारे मामा

डिझेलच्या काट्यावर माझ्या मामांइतका अविश्वास असलेला माणूस शिरूर-दौंड पट्ट्यात दुसरा जन्मला नसेल. त्यांच्या ट्रकमधला काटा अगदी व्यवस्थित चालायचा, तरी मामांनी त्यावर देवाचं स्टिकर चिकटवून टाकलं होतं. "काटा काय, बसल्या जागी सांगतो. टाकीला हात लावून कवा बघितलंय त्यानं?" ट्रकला दोन टाक्या, दोन्ही अंगांना एकेक. मामा खाली उतरायचे, एकेक टाकी बोटाने वाजवायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि जाहीर करायचे, "अर्ध्याला दोन बोटं कमी!" काठी बुडवली की तेवढंच निघायचं. मामा कलिंगडं वाजवत, गॅसची सिलिंडरं वाजवत, आणि बहिणीसाठी स्थळ पाहायला केंदूरला गेलो तेव्हा पाहुण्यांचं कपाटही त्यांनी वाजवून पाहिलं. पाटसच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली की इतर ड्रायव्हर "आप्पा, आमची बी बघा की," म्हणत त्यांना घेऊन जायचे. हा मान मामांना जिवापलीकडे प्यारा.

गेल्या हंगामात मात्र "भरपूर हाय" म्हणून निघालेला त्यांचा ट्रक उसासकट वाटेत बंद पडला. दोन्ही टाक्या कोरड्या. कुणी तोंडावर हसलं नाही, पण रांगेतल्या हाका थांबल्या. मामांना कमी ऐकू येतंय हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं, फक्त ते बोलून दाखवायची छाती कुणाची नव्हती.

एके दिवशी मामीच म्हणाली, "अहो, दोन्ही टाक्या खालून पायपानं जोडून घ्या. हिकडं जेवढं, तिकडं बी तेवढंच. एकच वाजवली म्हंजी झालं." एरवी कुणाचं न ऐकणारे मामा लगेच तयार झाले. मामा, मामी आणि मी दौंडला गेलो. तिथल्या फिटरने पाईप बसवला, कॉक उघडला, डिझेल या टाकीतून त्या टाकीत जाऊन स्थिरावलं. मामांनी आपल्या बाजूची टाकी वाजवली आणि "पाईप गळतोय का बघतो," म्हणत गुडघ्यांवर बसले. मीही वाकलो. पाईप ठणठणीत होता. पलीकडच्या टाकीवर कुणीतरी हलकेच टकटक केली, आणि टाकीखालून मामीचा हिरव्या बांगड्यांचा हात दिसला. तीन बोटं वर, चौथं मिटलेलं.

मामा उठले, धूळ झटकली. "पाऊण!"

फिटरने काठी बुडवली. "आयला आप्पा, कान हायेत का काय!"

मामांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. इतकी वर्षं ते ऐकत होते तेव्हा मामीही शेजारी उभी राहून ऐकतच होती, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता मामी डब्याचं निमित्त काढून प्रत्येक फेरीला सोबत जाते. पाटसच्या रांगेतून पुन्हा हाका येतात. मामा हात जोडून म्हणतात, "न्हाई बाबांनो, आता फक्त आमच्याच गाडीचं कळतं."