राखेनं घासलेला डबा

एअर फ्रायरच्या त्या डब्याकडं अजून मला बघवत नाही. आमच्या मासेमाऱ्यांच्या घरात पाहुण्यासमोर काळं भांडं गेलं, तर घरच्या बाईची अब्रू गेली. म्हणून वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्येही, लेकानं आणलेल्या मशीनचा काळा डबा मी रोज राखेनं घासला. पार पांढरा केला. शेजारीण लेकीला घेऊन आली, तेव्हा त्यातच मासे भाजून दोघींना वाढले आणि डबा मुद्दाम दाखवला.

"काकू, याच्यातला काळा लेप कुठी गेला?" शेजारणीनं विचारलं.

"घासून काढला," मी ऐटीत म्हणाले.

"तो काढाचा नसते. स्पंजनं हलकंच धुवाचं. नाई तर तो खाण्यात येते."

माझी मान खाली गेली. समोर तिच्या लेकीचं ताट होतं. त्यात फक्त काटे उरले होते.