तोंडात मावेल एवढा बर्फ

धाकटी डहाणूच्या धक्क्यावर बर्फ फोडावा तर जमनाने. लादी खाली टेकते न टेकते तोच तिची लाकडी मोगरी पडते आणि दोन घावांत पापलेटांवर पसरायचा चुरा तयार. समोर उभं राहिलं तर अंगावर कपच्या उडतात. मी तिच्या शेजारची, मासे विकणारी. माझं तोंड चालतं, तिचा हात चालतो.

हा हात तिला नवऱ्याने शिकवला असं मी म्हणते, आणि ते काही थट्टेत म्हणत नाही. रतन बोटीवरून आला की पिणार, प्यायला की मारणार, अशी त्याची रीत. बुक्की नेमकी तोंडावरच बसायची. जमनाचा खालचा ओठ फाटून शिवलेला, पुढचा एक दात गेलेला. एकदा भरदुपारी, सगळ्या धक्क्यासमोर त्याने तिचे केस धरले आणि तिने हातातली मोगरी त्याच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यानंतर रतनने तिच्यावर हात टाकला नाही. तिनेही त्याला ‘अवो’ म्हणणं सोडलं आणि सरळ अरे-तुरेवर आली.

मग रतनला आतड्याचा कॅन्सर निघाला. तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीतल्या इस्पितळात इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्याच फेरीनंतर त्याचं तोंड आतून सोलून निघालं. जिभेवर, गालांत, हिरड्यांवर चट्टे, थुंकीत रक्त. पाणी पाजलं तरी तो भिंतीवर डोकं आपटायचा. पेजेची वाटी त्याने जमनाच्या अंगावर फेकली. तिने ती उचलून त्याच्याच कपाळात हाणली, मग खोक पुसली आणि दुसरी पेज निववायला ठेवली. असं ते घर.

पुढची फेरी लांबवावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा तोंड असंच आलं तर औषध कमी करावं लागेल, कदाचित थांबवावंही लागेल. औषध थांबलं तर आजार थांबणार नव्हता, हे आम्हालाही कळत होतं. तिथल्या वर्षा सिस्टरने उपाय समजावला. मशेरी बंद, ब्रश मऊ, जेवणानंतर मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या. शिवाय इंजेक्शनच्या जरा आधीपासून ते संपून थोडा वेळ जाईपर्यंत तोंडात बर्फ धरायचा. गारठ्याने तोंडातल्या शिरा आक्रसतात आणि तिथे औषध कमी पोचतं. हे सगळ्याच औषधांना चालत नाही, काहींना गार उलट बाधतं, रतनच्या औषधाला चालतं, असंही तिने बजावलं.

धक्क्यावरचा बर्फ मासळीचा, तो आजाऱ्याच्या तोंडात घालायचा नाही. म्हणून उकळून गाळलेलं पाणी माझ्या फ्रिजमध्ये गोठवलं. मशेरीचा डबा जमनाने खाडीत भिरकावला. त्यावरून झटापट झाली आणि रतनच्या बनियनच्या चिंध्या झाल्या. दुसऱ्या फेरीला थर्मासात बर्फ घेऊन मीही सोबत गेले, कारण त्या दोघांना एकटं सोडणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता.

सिस्टर इंजेक्शन तयार करत होती. जमनाने तुकडा पुढे केला. रतनने तो तोंडात घेतला, हिरड्या ठणकल्या तशी शिवी हासडली आणि तुकडा तिच्या तोंडावर थुंकला. जमनाने त्याचा जबडा असा आवळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने हात उगारला. तो मोडका कोपर, अर्धाच उठला. सिस्टर धावली, तिने जमनाला मागे ओढलं आणि ठणकावलं की इथे जबरदस्ती चालणार नाही. पेशंट नको म्हणाला तर ती बर्फाशिवायच इंजेक्शन देणार होती.

जमना स्टुलावर बसली. हात धुऊन आली होती ती. तिने थर्मासातून दुसरा तुकडा काढला आणि त्याच्या कडा अंगठ्याने घासू लागली. फिरवून बघायची, पुन्हा घासायची. रतन तिच्या बोटांकडे पाहत राहिला.

“सिस्टरनं शिकवलं तुना, हे असं घासायचं?” त्याने विचारलं.

“नाय,” जमना म्हणाली. “तू तोंड फोडलंस की मी धक्क्यावर जाऊन असाच तुकडा तोंडात धरायची. मासळीचा बर्फ, दुसरा कुठून आणू? धार राहिली तर फाटलेल्या ओठाला टोचते. म्हणून घासायचा. तोंडात केवढा मावतो ते मना ठाऊक हाय.”

मला त्या क्षणी रतनची दुसऱ्यांदा हाडं मोडावीशी वाटली. त्याने मान खाली घातली, आणि मग तोंड उघडलं. इंजेक्शन संपेपर्यंत एक तुकडा विरला की पुन्हा तोंड उघडायचा.

त्या फेरीनंतर तोंड आलं, पण थोडंच. मऊ भात गिळता आला, पुढची फेरी ठरल्या वेळी झाली. धक्क्यावर मी जमनाला विचारलं, माफ केलंस काय गं त्याला? तिने लादीवर मोगरी हाणली.

“नाय,” ती म्हणाली. “पण ज्या तोंडानं त्याला माझी माफी मागायची हाय, ते तोंड मी सडू देणार नाय.”

रतनने ती अजून मागितलेली नाही. बर्फ मात्र तो आता स्वतःहून मागतो.