माळ्यावरचा कीबोर्ड

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मान वर ठेवून सांगता येईल. मी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या कामासाठी एक महागाचा कीबोर्ड घेतला आणि बायकोला सांगितलं की वरच्या खोलीतला पोरगा तो विसरून गेला.

कीबोर्ड घेतला, ही चूक नव्हे. खोटं बोललो, ही चूक. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात. मी करू देणार नाही.

पौडला कचेरीसमोर माझा टायपिंगचा गाळा आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज, भाडेकरार. टायपिंग शिकलो ते लोखंडी टाइपरायटरवर. तिथे अक्षर उमटलं की बोटाला कळायचं. पुढे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर ते हलके, रबरी कीबोर्ड. बटण तळापर्यंत रेटायचं आणि तरी अक्षर आलं की नाही हे पडद्यावर बघायचं. संध्याकाळी चहाचा कप धरताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ठणकायचं. हे मी घरी कधी बोललो नाही. दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाने बोटं दुखतात म्हणायचं, तेही भाताच्या चिखलात वाकून आलेल्या बायकोसमोर, याची लाज वाटायची. पण चुका वाढल्या होत्या. नावातला एक काना सुटला, की लांबच्या माले गावाहून किंवा त्याच्या पलीकडच्या वाडीवरून आलेल्या माणसाची एक फेरी वाढते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

चांदे गावात आमच्या घरावर भाड्याच्या खोल्या आहेत. हिंजवडीत कामाला जाणारी मुलं राहतात. त्यांतल्या एका लातूरकडच्या मुलाच्या खोलीत मी टाकीचा व्हॉल्व बघायला गेलो होतो. टेबलावर त्याचा कीबोर्ड होता, गणपतीच्या मांडवासारखा रंगीत दिव्यांचा.

"काका, बसा. टाइप करून बघा," तो म्हणाला.

मी बसलो आणि सवयीने लिहिलं, 'मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की.' प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग. बटण अर्ध्यावर गेलं की बोटाला हलकी ठेच लागायची आणि अक्षर हजर. पुढे रेटायची गरजच नाही. बटणांवर मराठी अक्षरं नव्हती, मला ती लागतही नाहीत. किती वर्षांनी माझ्या बोटांना कुणीतरी उत्तर देत होतं.

किंमत ऐकली आणि मी खुर्चीवरून उठलो.

"गेमिंगचा आहे ना काका, म्हणून. निम्मे पैसे तर या लाइटांचेच," तो हसत म्हणाला.

खरं आहे ते. दिवे बिनकामाचे आहेत. गेमिंग हा शब्द खोक्यावर छापण्याचेही पैसे आपणच देतो. बिनदिव्यांचा स्वस्तात मिळाला असता, पण माझ्या बोटांनी ओळखलेला हाच होता. दिवसाला दोन ईमेल लिहिणाऱ्याने हा घेऊ नये. ज्याची बोटं सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतात, त्याने मात्र खुशाल घ्यावा. आमच्या गावात जमिनीचे पैसे आले तेव्हा दारोदार काळ्या काचांच्या मोठमोठ्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या वसूल होतात का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. मग माझ्या कीबोर्डालाच का?

मग खोटं का बोललो? कारण घरघंटी. बायकोला घरी दळायला घरघंटी हवी होती आणि मी म्हणालो होतो, "गिरणी काय लांब हाय का? दिवाळीनंतर बघू." त्यानंतर थोड्याच दिवसांत मी हा मागवला. तोवर तो मुलगा बंगळुरूला बदलून गेला होता. गाळ्यावर आलेलं खोकं मी घरी आणलं आणि त्याच्या रिकाम्या खोलीत जाऊन उघडून पाहिलं. काखेत मारून खाली उतरलो तर जिन्यात बायको.

"हे काय?"

"वरच्या खोलीत व्हतं. पोरगा इसरून गेला."

तिने खोकं हातातून घेतलं. त्यावर डोळे वटारलेल्या लांडग्याचं चित्र होतं. आमच्या घरी भाडेकरूंच्या विसरलेल्या वस्तू माळ्यावर ठेवायची रीत आहे. कुणाची इस्त्री, कुणाचं हेल्मेट. मालक आला की परत द्यायचं, तोवर वापरायचं नाही. ही रीत तिचीच.

"दुसऱ्याची वस्तू हाय. हात लावायचा न्हाई. फोन करा त्याला."

"केला. येतो म्हणला." हे दुसरं खोटं.

माझा कीबोर्ड माळ्यावर गेला. ती बचतगटाच्या बैठकीला गेली की मी स्टुलावर चढून तो काढायचो, घरच्या कॉम्प्युटरला जोडून घाईघाईने एखादं पान टाइप करायचो आणि फाटक वाजलं की परत वर ठेवायचो. स्वतःच्या वस्तूचा मी चोर झालो होतो.

एकदा तिने वर बघून विचारलं, "लांडग्याचं तोंड भितीकडं केलं व्हतं मी. आज इकडं कसं?"

"उंदीर असंल."

"उंदीर लांडगा फिरवतोय व्हय!"

एके दिवशी तो मुलगा लग्नाची पत्रिका घेऊन आला. बायकोने चहाच्या आधी स्टूल ओढलं. खोकं काढून पदराने पुसलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने लांडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पत्रिका वाचत होतो. म्हणजे पत्रिकेत तोंड लपवलं होतं.

"अरे हो, काकू," तो हळूच म्हणाला. "मीच विसरलो होतो."

"एवढी महागाची वस्तू इसरतूस? आईबापानं हेच शिकवलं व्हय रं तुला? उद्या बायकूला ष्टँडावर इसरून येशील!"

तो मान खाली घालून हसला. "चुकलं, काकू."

'चुकलं' हा शब्द माझा होता आणि तो हे पोर बोलत होतं, वर आईबापाचा उद्धारही ऐकून घेत होतं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. त्याने नंतर कीबोर्ड गुपचूप गाळ्यावर आणून दिला असता, हे त्याच्या नजरेत दिसत होतं. पण गप्प बसवेना. मी पत्रिका खाली ठेवली.

"त्याचा न्हाई. माझा हाय. मी इकत घेतला."

बायको स्टूल हातात धरून उभी राहिली. "तुमचा? मग इतके दिस माळ्यावर काय अंडी उबवत व्हता? आन् माझ्या घरघंटीनं दिवाळीची वाट बघायची?"

"घेतला आन् घेतला ते बरोबर केलं," मी म्हणालो. आवाज चढला होता. "रोज टाइप करून बोटं दुखत्यात माझी. या कीबोर्डावर न्हाई दुखत."

तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"मग तसं बोलायचं की! तुमची बोटं दुखत्यात, हे मला या लांडग्यानं सांगायचं?"

मुलाने खोकं हळूच माझ्यासमोर सरकवलं. मी त्याला म्हणालो, "माझ्यापायी तुला बोलणी खावी लागली, बाळा. माफ कर." मग तिच्याकडे वळलो.

"कीबोर्ड घेतला त्याची माफी मागणार न्हाई मी. पण तुझ्याशी खोटं बोललो, उंदराचं धरून तीनदा बोललो. आन् मला बोटं हायेत तसे तुला खांदे हायेत, दळणाचा डबा खांद्यावर घिऊन तूच गिरणीला जातीस, हे ध्यानात असून घरघंटीला नको म्हणलो. त्याची मागतो. चुकलं माझं."