उभ्याने नमस्कार

दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला झरी गावच्या वाघोबा देवाच्या लाकडी खांबाला ताजा शेंदूर लागला, की त्या वासासरशी मला आफ्रिकेतल्या एका खासगी जंगलातली उघडी जीप आठवते. २०१८ साली घोलवडची चिकूवाडी गड्यांवर सोपवून आम्ही नवरा-बायको तिथे गेलो होतो. उभा माणूस दिसला की जनावर बिथरतं, बसूनच राहा, असं ड्रायव्हरने बजावलं होतं. पण वाळक्या गवतातून बिबट्या दहा हातांवर आला आणि मी सवयीने चपला काढून उभी राहिले, हात जोडले. तो थबकला, कान पाडून माझ्याकडेच बघू लागला. नवरा ओढणी खेचत होता. मी नमस्कार पुरा करूनच बसले आणि बिबट्या निघून गेला. ड्रायव्हर भडकला. मी म्हटलं, "आमच्याकडे बिबट्याही वाघोबाच, आणि वाघोबाला कोणी बसून नमस्कार करत नाही." अजूनही त्या खांबापुढे मी हात जोडले, की नवरा मागून माझी ओढणी धरून ठेवतो.