कपाशीच्या फुलावरचे थेंब

सुनेच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती मला सांगत होती, "आत्याबाई, फोकसच होऊन नाई राह्यला."

कपाशी त्या साली माणसाच्या डोक्यावर गेली होती. तिच्यातून सून धडपडत बांधावर आली, बसली आणि ओकली. तरी मोबाईल सोडला नाही. माझ्या पदराने त्याची काच पुसली आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "पाहा बरं, धुकं दिसते का?"

मोबाईलात कपाशी लख्ख दिसत होती. धुकं तिच्या डोळ्यांत होतं.

माझा मुलगा उजाडल्यापासून किडीचं औषध फवारत होता. पंपाच्या घरघरीत माझ्या हाका त्याला कशा ऐकू जाणार? शेवटी ढेकूळ फेकून मारलं, तेव्हा वळला.

फवारलेल्या ओळीत ती शिरली कशाला, तर फुलांवर थेंब होते म्हणून. तिचा धंदाच तो होता. विदेशातल्या एका साइटवर फुलांचे फोटो ठेवायचे; कोणाला कॅलेंडरला, कोणाला साबणाच्या वेष्टनाला लागले तर तो विकत घेणार. उमरखेडच्या कॉलेजात शिकलेली पोरगी, आमच्या घरी येऊन नुसता कापूस वेचत होती. कोणी घेतलेला एखादा फोटो तिला महिनाभर हसत ठेवायचा. त्या पैशात चहासुद्धा अर्धाच आला असता, पण तो तिचा होता.

बहुतेक फोटो साइटवाले परत करत. कधी म्हणत, फोकस नाही. कधी म्हणत, अशी जास्वंद आमच्याकडे पुष्कळ आहे. जास्वंद पुष्कळ असते, हे सांगायला विदेशातला माणूस लागतो.

शेजारीण तर रोज दारात उभी राहून विचारायची, "फूल झाडालेच राह्यते अन् इकल्याबी जाते? मंग आमचा कापूसबी तसाच इक ना माय! वेचाची कटकट नाही, अन् व्यापाऱ्याचं तोंड पाहाचं नाही."

एकदा झेंडूच्या मागे माझं तोंड आलं. साइटवाल्यांनी माझी सही मागितली, की फोटोला या बाईची हरकत नाही. मी चौथी शिकलेली, सही केली. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी करायला गावात पेपरवाले, टीव्हीवाले यायचे, आम्हा बायांना दाराच्या चौकटीला टेकून बसवायचे आणि म्हणायचे, "आजी, हसू नका." त्यातल्या कोणी सही मागितली नाही. झेंडूवाला बरा.

थेंब असलेलं फूल लोक लवकर घेतात, हे सुनेला मोबाईलनेच शिकवलं होतं. दव त्या दिवशी पडलं नव्हतं. फवाऱ्याचे थेंब मात्र पाकळीपाकळीवर होते, गोल, चमकणारे. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तिला दोन्ही एकाच फोटोत हवी होती. ओली पानं हाताने सारत, फुलाला नाक लावून ती ओळीत हिंडत राहिली. डोळे अंधुक झाले तेव्हा तिला वाटलं, कॅमेरा बिघडला. म्हणून आणखी जवळ गेली.

ऑटोत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरने तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाला, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. नर्सने तिचे ओले कपडे कापून काढले, साबणाने धुतली आणि इंजेक्शनं सुरू केली. धुवायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. तेवढ्यात पोलीस आला.

"काय पेली?"

"काहीच नाही पेली. फोटो काढून राह्यलती."

"कोनाचे?"

"फुलाइचे."

"कोनासाठी?"

"ते मले काय ठाव? विदेशातले लोक घेते."

त्याने पेन थांबवलं. विष चढलेली सून, उशाशी बसलेली सासू, आणि विदेशात जाणारी फुलं. "बुढे, खरं सांग. भांडन काहून झालतं?"

"भांडन तं रोजच होते. आज व्हाचं होतं, तं हे पडली."

त्याने ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. मुलगा व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. औषध त्यानेच मारलं होतं. त्याला कोणी काही विचारलं नाही.

शुद्धीवर आल्यावर सुनेने पहिल्यांदा मोबाईल मागितला. मी म्हणाले, "आधी पेज पी." तिने पेज पिऊन मोबाईल घेतला. नजर अंधुक व्हायच्या आधी काढलेला एकच फोटो नीट होता. पाकळीवर टपोरे थेंब. फोटोखाली शब्द टाकावे लागतात, ते तिने मला वाचून दाखवले: ताजं, शुद्ध, सकाळ, दव.

"अन् औषध नाई लिवलं?"

"औषध लिवलं तं कोन घेईन, आत्याबाई?"

साइटवाल्यांनी तो फोटो लगेच ठेवून घेतला. या खेपेला फोकसची तक्रार नव्हती.

पुरुषांच्या वॉर्डात फवारताना विष चढलेल्यांना खाटा कमी पडल्या होत्या, काहींना खाली गाद्या घातल्या होत्या. त्यातले दोघं आम्ही तिथे असतानाच गेले. दोघंही दुसऱ्याच्या शेतात फवारणारे. माझी सून वाचली.